जुन्या क्रेडिट कार्डावर ‘सेटल्ड’ शेरा आहे. गृहकर्जाच्या अर्जाआधी काय दुरुस्त करावे?

दीपमाळ (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या दीड वर्षात घर घ्यावे असा आमचा विचार आहे आणि त्यासाठी गृहकर्ज लागणार आहे. परंतु माझा जुना कर्जव्यवहार फारसा नीट नाही. २०२० मध्ये माझी नोकरी गेली, तेव्हा माझ्या नावावर एक क्रेडिट कार्ड आणि एक वैयक्तिक कर्ज होते. वैयक्तिक कर्जाचे हप्ते अडखळत का होईना, पण २०२२ पर्यंत मी पूर्ण फेडले. कार्डाचे मात्र जमले नाही. व्याज आणि विलंबशुल्क धरून थकबाकी १,८६,००० रुपयांवर गेली, वसुलीचे फोन सुरू झाले आणि अखेर २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बँकेने ८०,००० रुपयांत तडजोडीची तयारी दाखवली. भावाकडून उसने घेऊन मी ते पैसे भरले, ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहिलेले पत्र जपून ठेवले आणि प्रकरण मिटले असे समजून चालले.

गेल्या महिन्यात सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे पतगुण) पाहिला तो ६६८ निघाला आणि त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा दिसला. वैयक्तिक कर्ज फिटल्यापासून मी कोणाचेही देणे थकवलेले नाही. पण नवे कर्ज किंवा कार्डही घेतलेले नाही.

आम्ही पाहिलेले घर साधारण ४२ लाखांचे आहे आणि हाताशी ९ लाखांची शिल्लक आहे. त्यातून त्या वेळी सोडून दिलेले १,०६,००० रुपये आता बँकेला भरावेत का, की ते पैसे घरासाठीच राखून ठेवावेत? सात वर्षांनी असे शेरे आपोआप पुसले जातात असे एकाने सांगितले, ते खरे आहे का? शिवाय माझ्या पतीचा स्कोअर उत्तम आहे, तेव्हा एकट्या त्यांच्या नावावर कर्ज घेऊन माझा अहवाल या व्यवहारापासून दूर ठेवता येईल का?

खतावणी

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात एकोणीस वर्षे काम केले आणि तुमच्यासारखे अनेक अर्ज माझ्या टेबलावरून गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, तुम्ही स्कोअर पाहिला आहे. पण अर्ज तपासणारा माणूस स्कोअरवर थांबत नाही, तो अहवालातील एकेक खाते वाचतो. आपल्याकडे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत, आणि चौघींकडे तुमची नोंद एकसारखीच असेल असे मुळीच गृहीत धरू नका. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा तुमचा हक्क आहे. आधी चारही अहवाल काढा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. घटतो तो कर्ज देणाऱ्या संस्थांनी अर्जामुळे वारंवार चौकशी केली तर.

आता ‘सेटल्ड’ या शब्दाकडे येऊ. तुमच्या दृष्टीने ते प्रकरण मिटले, पण बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘या ग्राहकाकडून आपल्याला पूर्ण रक्कम मिळाली नाही आणि उरलेली आपण सोडून दिली’ असा होतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ लागते. वीस वर्षे हप्ते येत राहतील या भरवशावर गृहकर्ज दिले जाते, त्यामुळे एकदा सोडून द्यावी लागलेली रक्कम अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, मग स्कोअर कितीही वर चढलेला असो. माझ्या अनुभवात ७४० स्कोअर आणि एक ‘सेटल्ड’ खाते असलेल्या अर्जापेक्षा ७१० स्कोअर आणि सगळी खाती ‘क्लोज्ड’ असलेला अर्ज पुढे सरकवणे सोपे जात असे. किमान स्कोअर रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. प्रत्येक संस्था आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते आणि बहुतेक ठिकाणी ७५० च्या पुढे गेलात की वाट सुकर होते.

सात वर्षांची गोष्ट अर्धवट ऐकीव आहे. पतमाहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षे ठेवल्या पाहिजेत असा नियम आहे. सात वर्षे होताच त्या पुसल्याच पाहिजेत, असा त्याचा अर्थ नाही. तसेच १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील तीन वर्षांचा दाखला कोणी दिला, तर तो न्यायालयात दावा लावण्याविषयी आहे. अहवालातील शेऱ्याशी त्याचा संबंध नाही. उशिरा भरलेल्या हप्त्यांचेही असेच आहे. अहवालात प्रत्येक खात्यापुढे ३६ महिन्यांची पट्टी असते आणि कोणत्या महिन्यात किती दिवस उशीर झाला ते तीत दिसते. पण ते ३६ महिने आजपासून मागे मोजलेले नसतात, त्या खात्याची माहिती शेवटची कळवली गेली त्या महिन्यापासून मागे मोजलेले असतात. म्हणून तुमच्या फिटलेल्या वैयक्तिक कर्जाची २०२०-२१ मधली अडखळ अजून दिसत असेल, तर त्यात नवल नाही.

माझ्या मते १,०६,००० रुपयांचा प्रश्न सोडवावा, मात्र घाईने पैसे भरून नव्हे. प्रथम त्या बँकेला लेखी विचारा की, सोडून दिलेल्या रकमेत मुद्दल किती आणि व्याज व शुल्क किती, आणि उरलेली रक्कम भरल्यास खाते ‘क्लोज्ड’ म्हणून चारही कंपन्यांना कळवणार का. व्याज-शुल्काच्या भागात सवलत मागण्यात काही गैर नाही. ते लेखी उत्तर हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, कारण आधी पैसे भरून मग शेरा बदलून मागणारा माणूस रिकाम्या हाताने भांडत राहतो. ते देणे मधल्या काळात एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकलेली कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. विकले असेल तर बोलणी तिच्याशी करावी लागतील. पैसे स्वतःच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यातच जावेत, वसुली प्रतिनिधीच्या हाती नव्हे, आणि शेवटी ‘काही देणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा.

एक हिशेब मात्र तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. ४२ लाखांच्या घरावर म्हणजे जास्तीत जास्त ३३,६०,००० रुपये. उरलेले ८,४०,००० तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो वेगळा. तेव्हा तुमचे ९ लाख आजही पुरणारे नाहीत आणि जुने देणे भरले काय किंवा न भरले काय, दीड वर्ष बचत करणे भागच आहे.

तिसरा_हप्ता

खतावणी यांच्या बहुतेक मताशी मी सहमत आहे. पण मी याच वाटेने गेलो आणि उरलेली रक्कम भरली नाही, म्हणून माझाही अनुभव नोंदवतो.

माझे वैयक्तिक कर्ज तडजोडीत मिटले होते. त्यानंतर मी मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घेतले. ठेव तारण असल्यामुळे स्कोअर कमी असतानाही ते मिळते आणि त्यावरची परतफेड इतर कोणत्याही कार्डासारखीच कळवली जाते. मर्यादेच्या वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे मी ते कधी वापरले नाही आणि किमान रक्कम नव्हे, तर पूर्ण बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप वळते होईल अशी सोय केली. किमान रक्कम भरून खाते नियमित दिसते खरे, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहते आणि वापराचे प्रमाण फुगलेलेच राहते. मागच्या वेळी मी याच खड्ड्यात पडलो होतो. दीड वर्षात स्कोअर साठ-पासष्ट गुणांनी चढला.

मग मी चूक केली. स्कोअर चढल्याच्या आनंदात एका बँकेत गृहकर्जाचा अर्ज दिला, जुन्या ‘सेटल्ड’ शेऱ्यामुळे नकार आला आणि मी चिडून एका आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज केले. त्या पाच चौकशा अहवालात ओळीने उभ्या राहिल्या आणि पुढच्या प्रत्येक अधिकाऱ्याने पहिला प्रश्न त्यांच्याविषयीच विचारला. दहा महिने गप्प बसावे लागले. अखेर एका गृहवित्त कंपनीने कर्ज दिले, पण व्याजदर चढा होता. दोन वर्षे हप्ते चोख भरून मी ते कर्ज बँकेकडे हस्तांतरित केले; बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क नसते, म्हणून ते परवडले. उरलेली रक्कम न भरता काम झाले, पण दोन वर्षांचे जादा व्याज मोजले तर मी वाचवलेल्या रकमेपेक्षा ते जास्त भरले. बँकांच्या बदलत्या दरांत आता ग्राहकाच्या पतजोखमीचा वेगळा भाग धरलेला असतो, त्यामुळे हा फरक तुमच्याही वाट्याला येऊ शकेल.

उंबरठा

पतीच्या एकट्याच्या नावाने कर्ज घेण्याविषयी दोन शब्द. कर्ज देणाऱ्या संस्था साधारणपणे घराच्या सर्व सहमालकांना सहकर्जदार करून घेतात. म्हणजे खरेदीखतावर तुमचे नाव हवे असेल, तर तुमचा अहवाल पाहिला जाणारच. आणि तो पाहिला जाऊ नये असे वाटत असेल, तर खरेदीखतावरून तुमचे नाव वगळावे लागेल. तुमचे उत्पन्नही मग हिशेबात धरले जाणार नाही आणि मिळणारी कर्जाची रक्कम घटेल. शिल्लक ९ लाख तुम्हा दोघांची असेल आणि घर मात्र एकाच्याच नावे होणार असेल, तर चार वर्षांपूर्वीच्या एका कार्डाची ही किंमत फार मोठी आहे असे मला वाटते. पती-पत्नीत विश्वास आहे हे मान्य, पण मालकी कागदावर ठरते.

याउलट, दीड वर्ष थांबून दोघांनी मिळून अर्ज केला तर दोघांचे उत्पन्न धरले जाईल. तेवढ्या काळात पतीनेही कोणाला जामीन राहू नये. जामीन राहिलेले कर्जही जामीनदाराच्या अहवालात दिसते, आणि मूळ कर्जदाराने हप्ता चुकवला तर त्याची झळ जामीनदाराला लागते.

दीपमाळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चारही अहवाल काढले आणि खतावणी यांचा अंदाज खरा ठरला. तीन अहवालांत ते कार्ड ‘सेटल्ड’ आहे, पण चौथ्यात अजून ‘रिटन ऑफ’ असून १,०६,००० रुपये बाकी दाखवली आहे. शिवाय एक अगदी अनपेक्षित नोंद सापडली. तीन वर्षांपूर्वी एका खरेदीच्या वेळी ‘आता घ्या, नंतर द्या’ अशी सोय वापरली होती, त्यातले २,४०० रुपये थकलेले दिसतात. ते कर्ज होते हेच मला ठाऊक नव्हते. वैयक्तिक कर्ज फिटल्यापासून काहीच थकवलेले नाही, असे मी वर लिहिले होते; ते चुकीचे ठरले.

बँकेलाही पत्र पाठवले आहे. दरम्यान एका सल्लागाराने फोन करून १५,००० रुपयांत तीस दिवसांत सगळे शेरे काढून देतो असे सांगितले. त्याने माझ्या अहवालाची प्रत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला. त्याला होकार द्यावा का?

खतावणी

ओटीपी कोणालाही देऊ नका आणि त्या माणसाला नकार कळवा. खरी नोंद काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याही सल्लागाराला नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी तुम्हाला एकही रुपया लागत नाही. पतमाहिती कंपनीही स्वतःच्या अधिकारात काही बदलू शकत नाही. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते आणि तिने मान्यता दिली तरच नोंद बदलते.

तुमच्याकडे आता तीन वेगवेगळी कामे आहेत, त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. चौथ्या अहवालातील ‘रिटन ऑफ’ ही चूक आहे, कारण तडजोडीचे पत्र तुमच्याजवळ आहे. तिच्यासाठी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा, बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. अशा तक्रारीचा निपटारा तीस दिवसांत झाला पाहिजे. त्यातले पहिले २१ दिवस सुधारित माहिती पाठवण्यासाठी बँकेला असतात. तीस दिवस उलटले, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तरीही काम झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्याही २०२२ पासून त्या योजनेच्या कक्षेत आहेत. कार्डावरील ‘सेटल्ड’ ही मात्र चूक नव्हे, ती खरी नोंद आहे. ती बदलायची तर उरलेली रक्कम भरूनच. आणि २,४०० रुपयांचे देणे तुमचेच असेल, तर ते आजच भरून दाखला मागा. रक्कम लहान आहे म्हणून अहवाल ती माफ करत नाही. उलट अलीकडची थकबाकी जुन्या थकबाकीपेक्षा जास्त बोचते. तुमचा स्कोअर ६६८ वर अडकण्यामागे कार्डाइतकाच हात या नोंदीचा असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

‘रिटन ऑफ’ या शब्दाने अनेकांची फसगत होते म्हणून सांगतो: ती कर्जमाफी नसते. बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीत ती रक्कम बुडीत धरलेली असते, पण ग्राहकाकडून ती मागण्याचा हक्क तिने सोडलेला नसतो. त्यामुळे अर्ज तपासणाऱ्याला हा शेरा ‘सेटल्ड’पेक्षाही जड वाटतो.

तिसरा_हप्ता यांनी सुचवल्याप्रमाणे ठेवीवरचे कार्ड मात्र आताच घ्या. कर्जच घेतले नाही तर परतफेडीची नवी नोंद होणार तरी कशाची? कार्ड एकच पुरे. दीड वर्षात तीन-चार नवी खाती उघडली, तर त्याचाही वेगळा अर्थ लावला जातो.

दीपमाळ

दोन महिन्यांनी लिहीत आहे. २,४०० रुपये भरले आणि ते खाते आता बंद दिसते. चौथा अहवाल २६व्या दिवशी दुरुस्त झाला. बँकेचे उत्तर यायला मात्र स्मरणपत्रे पाठवावी लागली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सोडून दिलेल्या १,०६,००० पैकी ६१,००० मुद्दल आणि ४५,००० व्याज व शुल्क आहे. मुद्दल भरल्यास खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवू, असे त्यांनी पत्रात लिहून दिले आहे. आम्ही ते भरायचे ठरवले. आता एवढेच विचारायचे आहे की, शेरा बदलल्यावर लगेच त्याच बँकेकडे गृहकर्जाचा अर्ज करावा का? त्यांचा व्याजदर कमी आहे.

खतावणी

६१,००० मध्ये ‘क्लोज्ड’ मिळत असेल, तर सौदा उत्तम आहे, भरून टाका.

अर्जासाठी पहिली निवड म्हणून मात्र ती बँक घेऊ नका. तडजोड केलेल्या ग्राहकाला शेतीखेरीज अन्य नवे कर्ज देण्याआधी त्याच संस्थेने किमान १२ महिने थांबावे, असे रिझर्व्ह बँकेचे २०२३ पासूनचे धोरण आहे. तुमचा तेवढा काळ उलटून गेला आहे, पण बँका आपल्या धोरणात तो याहून जास्त ठेवू शकतात. शिवाय बाहेरचा अहवाल स्वच्छ झाला, तरी त्या बँकेच्या स्वतःच्या दप्तरात तुमची तडजोड राहणारच.

चारही अहवालांत ‘क्लोज्ड’ उमटल्याची स्वतः खात्री करा, ठेवीवरच्या कार्डाचे किमान बारा महिने नियमित जाऊ द्या, मग दोघांचे अहवाल नव्याने काढा आणि एकाच संस्थेकडे अर्ज करा. नकार आला तर मुख्य कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि ते कारण दूर होण्याआधी दुसरीकडे धावू नका. अर्जासोबत २०२१ चे तडजोडीचे पत्र, आताचे बँकेचे पत्र, भरणा केल्याचा पुरावा आणि देणे बाकी नसल्याचा दाखला जोडा. त्यावर नोकरी गेल्याचा काळ आणि पुढची परतफेड सांगणारे एक पानभर निवेदन ठेवा. अधिकाऱ्याने विचारण्याआधी तुम्हीच सांगितलेले बरे असते. मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती सोपवू नका, छायाप्रती द्या आणि मूळ प्रती फक्त दाखवून परत घ्या.